कपाटातली रबरी पाठ

बिश्केक, ३ मार्च

झूरा एजे, माझ्या थोरल्या ताई, सलाम.

घरचे सगळे कसे आहेत? मेंढ्या हिवाळ्यातून नीट निघाल्या का? तुमच्या यजमानांचा, जुमाबेक बाइकेंचा, गुडघा काय म्हणतो? हे सगळं आधी विचारलं नाही तर तुम्ही पत्र पुढे वाचणार नाही, म्हणून विचारून घेतलं. आता कामाचं लिहिते.

या पत्राबरोबर आपला ड्रायव्हर जिरगाल एक मोठं खोकं आणतोय. त्यात माणसाची पाठ आहे. दचकू नका, रबराची आहे, कमरेतली भूल द्यायच्या सरावासाठी. वर कातडी, आत कमरेचे मणके, मणक्यांच्या आत पाण्याची पिशवी. सुई बरोबर जागी गेली की थेंब बाहेर येतो, चुकली की हाडावर अडते. कातडी खराब झाली की बदलायची, चार जादा कातड्या खोक्यात घातल्या आहेत. मी गेली दोन वर्षं इथल्या सराव-खोलीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या आणि अखेर सहा डोंगरी दवाखान्यांना सहा पाठी मिळाल्या. पहिलं नाव मी कोक-बेलचं लिहिलं, म्हणजे तुमचं.

रागावू नका. तुम्हाला शिकवण्याचा माझा विचार नाही. पण ठरवून करायची सिझर खिंडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा नियम आल्यापासून तुमच्या हाताखाली वर्षाला किती पाठी येतात, तुम्हीच मोजा. दोन? तीन? आणि जी येते ती खिंड बंद असतानाच येते. तेव्हा दर तिमाहीला दहा टोचण्या या पाठीवर करायच्या, वहीत तारीख घालून सही करायची आणि वहीची प्रत सीलबंद पाकिटातून जिरगालबरोबर माझ्याकडे पाठवायची. पाकिटात पत्रही घाला. तुमच्याकडे फोनवर काही बोलावं तर टेकडीवर चढून ओरडावं लागतं आणि सगळं गाव ऐकतं.

माझी पहिली सुई आठवते का? सहा महिन्यांची शिकाऊ होते मी तुमच्याकडे. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, "आधी अंगठ्यानं विचार, मग सुईनं." ते वाक्य मी इथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय. खाली तुमचं नाव आहे.

ओस्मोन मामांना सलाम सांगा. ते तुमचे मुख्य डॉक्टर आणि माझ्या आईचे थोरले भाऊ, म्हणजे मला दुप्पट भीती.

तुमची धाकटी,
साल्तानात


कोक-बेल, २९ मार्च

साल्तानात पोरी,

मेंढ्या निघाल्या, चार गेल्या. जुमाबेकचा गुडघा हवामान खात्यापेक्षा बरा चालतो. तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि भिंतीवरच्या नावाचं वाचून दोन दिवस उगाच सगळ्यांशी गोड बोलत होते. नर्स कालिपाला वाटलं मी आजारी आहे.

तुझी पाठ पोचली. ओस्मोन बाइकेंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावून खोकं उघडलं. वरचा प्लास्टिकचा कागद मात्र काढू दिला नाही. सगळ्यांनी बाहेरूनच बघितलं, फोटो काढला, मग त्यांनी ती काचेच्या कपाटात, पदकांच्या शेजारी ठेवली आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

मी दुसऱ्या दिवशी गेले. म्हटलं, "बाइके, पाठ द्या, दहा टोचण्या करायच्यात."

ते म्हणाले, "झूरा, तुझ्या घरी पाहुण्यांसाठी रचून ठेवलेल्या रजया आहेत ना? त्या तू रोज पांघरतेस का? उद्या मंत्रालयाचे लोक आले आणि भोकं पडलेली पाठ दिसली तर म्हणतील, या डोंगरातल्या लोकांना एक वस्तू सांभाळता येत नाही."

मी म्हटलं, "ती भोकं पाडायलाच दिली आहे."

ते म्हणाले, "तू पंचवीस वर्षं हेच करतेयस. तुला कसला सराव?" आणि चहा मागवला. मला मलई घातलेला चहा दिला, वर तळलेले बोरसोक. त्यांच्या खोलीत माणूस रागावून जातो आणि पोट भरून बाहेर येतो, तुला माहीत आहेच.

वहीत रकाने आहेत. मी ते रिकामे ठेवलेत. तू त्यांची भाची आहेस, एक शब्द टाक.

झूरा


बिश्केक, १४ एप्रिल

एजे,

तुमचं पत्र वाचून मी खोलीत एकटीच हसले. पदकांच्या शेजारी! मामा बदलणार नाहीत.

मी त्यांच्याशी बोलते, पण जरा वेळ द्या. तुम्हीच सांगा, आईच्या भावाला भाची फोन करून म्हणेल का की तुमचं चुकतंय? ईदला ते आमच्याकडे येतील तेव्हा जेवण झाल्यावर, नीट वेळ बघून विषय काढते.

तोपर्यंत एक विनंती, आणि ही जरा नाजूक आहे. वहीचे रकाने रिकामे पाठवू नका. सहाही दवाखान्यांच्या वह्या एकत्र लावून मला अहवाल द्यायचाय. एक जरी दवाखाना रिकामा दिसला तर वरचे म्हणतील, बघा, पाठी दिल्या आणि कुणी हात लावला नाही. मग पुढच्या वर्षीच्या आठ पाठी गेल्या. त्या आठ गावांतल्या बायकांचा विचार करा. एका तिमाहीच्या दहा सह्या तुम्ही करून टाका, पुढच्या तिमाहीत वीस टोचण्या करा म्हणजे हिशेब बरोबर होईल. तुमच्या हाताला काही होत नाही, हे मला आणि देवाला, दोघांनाही माहीत आहे.

वहीची कोरी प्रत सोबत परत पाठवतेय.

साल्तानात


कोक-बेल, ६ जुलै

साल्तानात,

दोन्ही तिमाहींच्या सह्या केल्या आहेत. वीस. एकाच पेनानं एका बैठकीत केल्या, मग कालिपा म्हणाली, "एजे, तारखा वेगळ्या आणि शाई एकच, कुणी बघितलं तर?" म्हणून निम्म्या काळ्या पेनानं पुन्हा गिरवल्या. या वयात मला शाळेतल्या पोरासारखी लबाडी करायला लावलीस, त्याबद्दल भेटशील तेव्हा कान धरीन.

सगळा गाव उन्हाळी कुरणावर गेलाय. दवाखान्यात मी, कालिपा आणि घोंगावणाऱ्या माशा आहोत. ओस्मोन बाइके शनिवारी येतात, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा एक कॅन आणतात, कपाटाची काच पुसतात आणि जातात. ईदला बोललीस का? त्यांच्या वागण्यात तसं काही दिसलं नाही.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. जूनमध्ये एक सिझर आलं. दरड कोसळून रस्ता बंद होता. बारीक अंगाची मुलगी, मणके कातडीवरून मोजावेत इतके स्पष्ट. अशी पाठ मी पूर्वी बोलता बोलता टोचायची. या वेळी तीनदा टोचावं लागलं. सुई आत गेली, पण तो जो एक क्षण असतो, आतला पडदा सुटल्याचं बोटांना कळतं तो, तो मला कळलाच नाही. पाणी दिसलं तेव्हा डोळ्यांनी कळलं. आई-मूल दोन्ही ठीक आहेत. घरच्यांनी मला शाल दिली.

नऊ महिन्यांनी हातात आलेली पाठ होती ती. तू लेखी हुकूम पाठव, वरच्या सहीचा, की पाठ कपाटाबाहेर काढून भूलतज्ज्ञाच्या ताब्यात द्यावी. भाची म्हणून नको, खात्याकडून. तू कारण काहीही लिही.

झूरा


बिश्केक, २० सप्टेंबर

एजे,

उशीर झाला, माफ करा. इथे श्वास घ्यायला वेळ नाही. आपल्या उपक्रमाला देशातल्या चांगल्या कामांच्या यादीत घेतलंय. सहाही दवाखान्यांत शंभर टक्के सराव, असं मंत्र्यांसमोर वाचून दाखवलं मी. कोक-बेलचं नाव घेताना माझा आवाज जरा चढलाच असेल.

तुमचं जूनचं वाचलं. एजे, तीनदा टोचणं म्हणजे काही पाप नाही, इथल्या मोठ्या मोठ्या डॉक्टरांना पाच-पाच लागतात. मला वाटतं तुम्ही स्वतःवर फार कडक आहात. आणि मनातलं बोलू? तुमच्या पिढीतल्या सगळ्यांना ही रबरी पाठ आली की अपमान वाटतो. दुसऱ्या एका गावच्या आजोबा डॉक्टरांनीही लिहिलंय की मी आता बाहुल्यांशी खेळू का. तुम्हीही मामांवर राग काढता आहात, पण थोडा राग त्या पाठीवर असेल, नाही का?

लेखी हुकमाचं जमणार नाही. तसा हुकूम काढला तर पाठ कुलपात होती हे कागदावर येईल, आणि मग वहीतल्या सह्यांचं काय सांगायचं? तुम्हीच अडचणीत याल. मला तुम्हाला सांभाळायचंय.

ऑक्टोबरात इथे दोन दिवसांचा वर्ग आहे, तुम्ही या. माझ्याकडे राहा.

साल्तानात


कोक-बेल, २ डिसेंबर

साल्तानात,

वर्गाला येता आलं नाही. ओस्मोन बाइकेंनी रजा दिली नाही. म्हणाले, वहीत तर तू तीस टोचण्या केल्यास, अजून कसला वर्ग? सही माझीच होती.

आता ऐक मी काय केलं. हिवाळ्याचं मांस करायला आम्ही गेल्या आठवड्यात मेंढी कापली. माझे थोरले दीर तोक्तोसून कापायला आले होते, त्यांच्या हाताखाली एकही हाड मोडत नाही, सांध्यासांध्यातून सुटतं. मी कमरेचा अख्खा तुकडा, कातडं काढलेला, बाजूला मागून घेतला. मागच्या खोलीत दार लावून, पाटावर उभा टेकवून, नवी सुई घेऊन बसले. माणसापेक्षा जागा अरुंद, पण दोन हाडांमधला तो पोकळ भाग तसाच. अंगठ्यानं विचारलं, सुईनं आत गेले. बावीस टोचण्या केल्या. शेवटच्या पाच-सहांना ते सुटणं पुन्हा बोटांना कळायला लागलं. तुला खोटं वाटेल, मी रडले.

मग मूर्खपणा केला. तुकडा हंड्यात टाकायच्या आधी छाटायला विसरले. संध्याकाळी पाहुणे आले, दिरांनी वाटे लावले आणि कमरेचं हाड उजेडात धरून थांबले. "झूरा, या मेंढीला सुया कुणी टोचल्या? आजारी जनावर आम्हाला खाऊ घालतेस का?" सगळ्यांनी हातातले घास खाली ठेवले. मी खरं सांगितलं. त्यावर जुमाबेकच्या मामेभावानं विचारलं, "म्हणजे आमच्या ताटात तू ऑपरेशन केलंस?" सगळा हंडा कुत्र्यांना गेला. दीर तेव्हापासून आमच्याकडे चहाला आलेले नाहीत. पुढची मेंढी कापताना कमरेचा तुकडा मोजून माझ्या हाताबाहेर ठेवतील.

तू लिहिलंस की माझा राग त्या पाठीवर आहे. पोरी, मी रोज कपाटाच्या काचेतून तिच्याकडे बघते. मला ती हवी आहे. मला भीती वाटतेय, हे शब्द मी पंचवीस वर्षांत कुणाला लिहिले नाहीत. तुला लिहितेय कारण तुझ्या हातावर माझा हात होता. खिंड या आठवड्यात बंद होईल. जिरगालची ही शेवटची फेरी. गावात चौघी गरोदर आहेत, एकीचं बाळ आडवं आहे. तिला आत्ताच खिंडीपलीकडे ठेवा असं मी सांगितलं, पण घरच्यांनी ऐकलं नाही, फेब्रुवारीला अजून वेळ आहे म्हणतात.

तू फक्त मामांना एक फोन कर.

झूरा

चौथ्या तिमाहीची वही सोबत आहे. सह्या केल्यात. आता सवय झाली.


बिश्केक, २१ डिसेंबर

एजे,

हे पत्र जिरगाल खिंड उघडल्यावर देईल की टपालाच्या हेलिकॉप्टरनं येईल कुणास ठाऊक.

मामा कामासाठी हेलिकॉप्टरनं आले होते. आमच्याकडेच जेवले. मी बोलले त्यांच्याशी. ते म्हणाले, बघतो. म्हणजे करतील. तुम्ही आता निर्धास्त राहा.

मेंढीची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगितली, लोक पोट धरून हसले. भिंतीवर तुमच्या नावाखाली कुणीतरी मेंढीचं चित्र लावलंय.

नवीन वर्ष सुखाचं जावो.

साल्तानात


कोक-बेल, ११ फेब्रुवारी

साल्तानात,

हे सगळं तुझ्याकडे सरकारी कागदातून येईलच. त्याआधी माझ्याकडून ऐक.

शुक्रवारी सकाळी मीरगुलला आणलं. आडवं बाळ असलेली तीच, शाळेत चित्रकला शिकवायची, चोवीस वर्षांची. तीन दिवस वादळ होतं, खिंड बंद, हेलिकॉप्टर उडेना. पाणी गेलं होतं आणि बाळाचा हात बाहेर आला होता. सिझरशिवाय मार्ग नव्हता. घरून निघताना तिच्या सासूनं अंगात ताकद यावी म्हणून वाडगाभर मटणाचा रस्सा पाजला होता. आपल्याकडे पाजतातच. पोट भरलेलं, म्हणजे पूर्ण भूल देणं धोक्याचं, कमरेतच द्यायला हवी. इथवर मी काही चुकले नाही.

तिला बसवलं. कालिपानं पुढून खांदे धरले. भरलेलं अंग, अंगावर सूज, मणका लागत नव्हता. अंगठ्यानं विचारलं तर काही सांगेना. पहिली सुई हाडावर. दुसरी हाडावर. तिसऱ्याला वाटलं गेले आत, पण पाणी आलं नाही. तेव्हा माझा हात थरथरायला लागला आणि ते मीरगुलला पाठीतून कळलं. ती म्हणाली, "एजे, तुम्ही दमलात का? मी हलत नाही, तुम्ही सावकाश करा." सात वेळा टोचलं मी तिला. ती एकदाही हलली नाही.

बाळाचे ठोके मंदावले. पूर्ण भूल दिली. नळी घालताना तिला उलटी झाली आणि ती छातीत गेली. मुलगी जिवंत निघाली, अडीच किलो, लगेच रडली. मीरगुल रविवारी गेली. शुद्धीवर आली नाही, त्यामुळे मुलगी झाली हे तिला कळलं नाही.

शस्त्रक्रियेच्या खोलीपासून ओस्मोन बाइकेंच्या कपाटापर्यंत एकोणीस पावलं आहेत. मी आज मोजली. पाठ अजून प्लास्टिकच्या कागदात आहे. मी त्यांना विचारलं, "डिसेंबरात साल्तानात तुमच्याशी या पाठीबद्दल बोलली होती ना?" ते खरंच गोंधळले. म्हणाले, "कुठली पाठ? तिनं तर मला घोड्याच्या मांसाचं सॉसेज बांधून दिलं, बाकी काही नाही."

झूरा


बिश्केक, २० फेब्रुवारी

एजे,

काय लिहू. मी चार रात्री झोपले नाही.

मी बोलले नव्हते. ताट वाढलं, ते आईच्या आठवणी काढत होते, आणि मी नुसतं सॉसेज बांधून दिलं. नंतर लाज वाटली म्हणून तुम्हाला खोटं लिहिलं. एवढं मी कबूल करते.

आता पुढचं नीट वाचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हेलिकॉप्टरनं चौकशी समिती येतेय. तिघं आहेत, एक मंत्रालयाचे, एक प्रसूतीचे डॉक्टर आणि तिसरी मी. मी नाव काढून घ्यायला सांगितलं होतं, ऐकलं नाही. वहीत चाळीस टोचण्यांच्या सह्या आहेत. ती वही खोटी आहे असं तुम्ही म्हणालात तर खोटी सही करणाऱ्या डॉक्टर ठराल, परवाना जाईल, कदाचित खटलाही. आणि सराव-खोली बंद पडेल. यंदाच्या आठ पाठी मंजूर झाल्या आहेत, एजे. त्या आठ गावांत मीरगुलसारख्या किती असतील.

म्हणून वहीत जे आहे तेवढंच बोला. आपली पत्रं आपल्यापाशी राहू द्या. मी समितीत असल्यानं तुम्हाला जपता येईल.

साल्तानात


कोक-बेल, २७ मार्च

साल्तानात,

जपलंस, त्याबद्दल काय म्हणू. तुझ्यासमोर जे झालं तेच तुला पुन्हा सांगते, कारण तू सारखी खिडकीकडे बघत होतीस, तुझ्या नजरेतून काही सुटलं असेल.

ओस्मोन बाइकेंनी कपाट उघडलं. धूळ बसू नये म्हणून गुंडाळून ठेवतो म्हणाले आणि कात्रीनं प्लास्टिकचा कागद कापला. खोलीभर नव्या रबराचा वास सुटला. वर्षभर वापरलेल्या वस्तूला असा वास येत नाही, हे मंत्रालयाच्या माणसाला कळलं नाही, तुला कळलं. त्यानं पाठ टेबलावर ठेवायला लावली आणि मला म्हणाला, "करून दाखवा." मग तू तिच्यावरून अंगठा फिरवलास, वरपासून खालपर्यंत. चाळीस टोचण्यांची कातडी होती ती. जादा कातड्यांची पाकिटं शेजारी होती, न फोडलेली. तुझा अंगठा कुठेही अडला नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि हात मागे घेतलास.

मला वाटलं, आता तू बोलशील. मी सुई हातात घेऊन थांबले होते, तुला आठवत असेल. तो माणूस म्हणाला, "काय झालं, जमत नाही का?"

मग मी टोचलं. एकाच सुईत. ते सुटणं बोटांना कळलं, अगदी पूर्वीसारखं, आणि थेंब आला. तो म्हणाला, "उत्तम," आणि लिहून घेतलं. तुम्ही तिघांनी सही केलेला अहवाल माझ्याकडे आलाय. सराव नियमित, कौशल्य शाबूत, प्रत्यक्ष पडताळलं. सबब दोष उपक्रमाचा नाही. डॉक्टरनं ऐनवेळी धीर सोडला, आणि रुग्णाला घरच्यांनी खायला घातलं होतं. मला मुदतीआधी घरी बसवलंय. परवाना वाचला, तू म्हणाली होतीस तसा.

एकाच सुईत, साल्तानात. हाताला एवढंच हवं होतं. नोव्हेंबरात दहा वेळा, जानेवारीत दहा वेळा. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. सुई चुकली असती तर बरं झालं असतं, निदान म्हातारी झाले असं म्हणता आलं असतं.

आता ज्यासाठी लिहितेय ते. वीस तारखेला मीरगुलचा चाळिसावा दिवस झाला. मला बोलावणं आलं. मी जाणार नव्हते, जुमाबेक म्हणाला, मरताना जवळ होतीस, गेलंच पाहिजे. ओस्मोन बाइके वरच्या जागेवर बसले होते. माझ्यापुढे सासूनं, बातमा आपांनी, कमरेखालचं हाड ठेवलं, थोरल्या बाईला देतात ते. मग बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाल्या, "हिला तुम्ही काढलंत. सून मी मारली. रस्सा मी पाजला. आता कागदावरही तसं लिहून आलंय, मुलानं मला वाचून दाखवलं." चाळीस दिवस ती बाई जेवलेली नाही. पाण्यात भिजवलेल्या पावावर आहे.

तुमच्या अहवालातली ती ओळ तुझ्या हाताची आहे का मला माहीत नाही. सही तुझी आहे.

मी बाळ कालिपाकडे दिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कपाट, किल्ली, कागदात गुंडाळलेली पाठ, चाळीस सह्या, सगळ्या माझ्या हातच्या. सांगितलं की रश्शानं माणूस मरत नाही, माझी सुई चुकली म्हणून पूर्ण भूल द्यावी लागली, आणि सुई चुकली कारण वर्षभर हात रिकामा होता आणि मी वहीत तो भरलेला दाखवला. ओस्मोन बाइके म्हणाले, "झूरा, दुःखात आहेस, घरी जा." कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बातमा आपांनी हात पुढे केला, माझ्यापुढचं हाड उचललं आणि परत परातीत ठेवलं. पाहुण्यापुढचा वाटा उचललेला मी जन्मात पाहिला नव्हता, तूही पाहिला नसशील. मग त्यांनी आपल्यासाठी एक तुकडा तोडला आणि खाल्ला. चाळीस दिवसांत पहिला. मी तिथेच रिकाम्या जागेपुढे बसून राहिले, शेवटची प्रार्थना होईपर्यंत, आणि खरं सांगते, समितीपुढे वाटली होती तेवढी लाज मला तिथे वाटली नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "वहीत खोटं लिही असं तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, बिश्केकमध्ये एक बाई आहे, मी तिला तिची पहिली सुई शिकवली. नाव विचारलं. मी सांगितलं नाही. म्हटलं, ती स्वतः येऊन सांगेल.

तुझी पत्रं माझ्या पेटीत आहेत. समितीला दाखवली नाहीत, पुढेही दाखवणार नाही. पण बातमा आपांना वाचता येतं. मुलानं वाचून दाखवलं ते त्यांचा चष्मा फुटला होता म्हणून, नवा पुढच्या आठवड्यात येतोय. त्यांनी मागितली तर मी देईन.

त्या मेअखेर कुरणावर जातील. तोवर घरीच असतात, बाळाला घेऊन खिडकीपाशी. खिंड परवा उघडली.

झूरा